सोफा नऊ फुटांवर, मग ८के टीव्ही घ्यावा का?

"माझे मिस्टर मे महिन्यात निवृत्त झाले. आमचा चाळीस इंची टीव्ही २०१४ सालचा, आता त्याच्या डाव्या बाजूला काळपट पट्टा दिसतो. पुण्याहून मुलगा आला होता तेव्हा आम्ही तिघं दुकानात गेलो. तिथे एक ६५ इंची ८के टीव्ही लावलेला होता. चित्र इतकं सुरेख, की मिस्टर बराच वेळ तिथून हललेच नाहीत. दुकानदार म्हणतो, मागच्या वर्षीचं मॉडेल आहे म्हणून पावणेतीन लाखांत देतो. शेजारचा चांगला ६५ इंची ४के सव्वा लाखाला आहे. मुलाचं म्हणणं, घ्यायचाच तर ८के घेऊ, पुढची दहा वर्षं बघायला नको, निम्मे पैसे मी घालतो. उरलेले मिस्टरांच्या ग्रॅच्युइटीतून जातील. आमच्याकडे केबल आहे. संध्याकाळच्या मालिका, बातम्या आणि मिस्टरांचं क्रिकेट, एवढंच आमचं पाहणं. हॉल लहान, सोफ्यापासून टीव्हीची भिंत नऊ फुटांवर. मला यातलं काही कळत नाही, पण इतके पैसे टाकायला मन धजत नाही. नको म्हटलं तर मुलाचं मन मोडेल. काय करू? कृपया नाव-गाव छापू नये."

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं मन धजत नाही ते योग्यच आहे. हा ८के टीव्ही घेऊ नका. शेजारचा ४के घ्या, किंवा त्याच किमतीतला त्याच्याहून बरा मिळाला तर तो घ्या. ग्रॅच्युइटीला हात लावायची गरज नाही.

यातलं काही कळत नाही असं तुम्ही लिहिलंत. पण या प्रश्नात सगळ्यांत महत्त्वाचं माप कोणतं, तर बसण्याचं अंतर, आणि ते तुम्ही कोणी न विचारता पत्रात लिहून पाठवलंय. दुकानात ते तुम्हाला कुणी विचारलं नसणार.

टीव्हीचं चित्र बारीक ठिपक्यांचं बनलेलं असतं. तुमच्या जुन्या टीव्हीत, तो फुल एचडी असेल तर, सुमारे २० लाख ठिपके आहेत. ४केमध्ये सुमारे ८३ लाख, आणि ८केमध्ये ३ कोटी ३२ लाख. आकडा ऐकायला भारी वाटतो, पण ठिपका आपल्या डोळ्याला वेगळा दिसायला हवा ना? पुरेसं लांब गेलं की दोन शेजारचे ठिपके डोळ्याला एकच वाटतात. तिथून पुढे ठिपके कितीही वाढवले तरी चित्रात फरक पडत नाही.

हे अंतर किती, ते ८के ज्यांनी घडवलं त्यांनीच ठरवून ठेवलंय. जपानच्या एनएचके या सार्वजनिक प्रसारण संस्थेनं हे तंत्र १९९० च्या दशकापासून विकसित केलं. त्यांचा हिशेब असा, की एचडी चित्र पडद्याच्या उंचीच्या तिप्पट अंतरावरून पाहायचं, ४के दीडपट अंतरावरून आणि ८के पाऊणपट अंतरावरून. ६५ इंची टीव्हीची उंची साधारण दोन फूट आठ इंच भरते. म्हणजे एचडीसाठी आठ फूट, ४केसाठी चार फूट आणि ८केसाठी दोन फूट. दोन फुटांवर बसलं की नजरेच्या दोन्ही टोकांपर्यंत पडदाच पडदा, आपण त्या दृश्यातच उभे आहोत असं वाटावं, ही त्यांची कल्पना होती. कल्पना सुंदरच आहे. पण तुमच्या हॉलमध्ये तो अनुभव घ्यायचा तर सोफा टीव्हीला चिकटवावा लागेल.

कुणी म्हणेल, हे जुने हिशेब झाले, डोळा त्याहून तीक्ष्ण असतो. ते खरंही आहे. केंब्रिज विद्यापीठ आणि मेटा कंपनीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये माणसाची नजर नव्यानं मोजली, तेव्हा ती जुन्या समजुतीपेक्षा बरीच बारीक निघाली. मीही त्यांचं नवं माप धरून तुमच्या नऊ फुटांचा हिशेब करून पाहिला. ६५ इंची ४के टीव्हीचा ठिपका असतो ०.३७ मिलिमीटरच्या आसपास. नऊ फुटांवरून, दृष्टी उत्तम असली तरी, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक तपशील वेगळा ओळखता येत नाही. म्हणजे जुन्या फुल एचडीच्या तुलनेत ४के घेतल्याचा फायदा तुम्हाला दिसू शकेल, पण त्यापुढचं ८के तुमच्या सोफ्यापर्यंत पोचणारच नाही.

प्रयोगही झालेत. २०२० साली वॉर्नर ब्रदर्स या हॉलिवूडच्या सिनेमा कंपनीनं इतर काही कंपन्यांना बरोबर घेऊन १३९ जणांना ८८ इंची पडद्यावर तीच दृश्यं एकदा ४केत आणि एकदा ८केत दाखवली, कोणतं कुठलं ते न सांगता. पुढची रांग पाच फुटांवर होती, मागची नऊ. बहुतेकांना फरक सांगता आला नाही. ज्यांना काही दृश्यांत थोडासा जाणवला ते पुढच्या रांगेतले, तीक्ष्ण नजरेचे. तुमचा पडदा त्याहून कितीतरी लहान आणि तुम्ही बसणार मागच्या रांगेच्या अंतरावर.

मग दुकानात मिस्टर खिळून का राहिले? त्यांच्या डोळ्यांनी त्यांना फसवलं नाही, चित्र खरोखरच सुंदर असणार. फक्त त्याचं श्रेय ८केला देऊ नका. कंपन्या आपली सगळ्यांत चांगली सामग्री ८केच्या मॉडेलात घालतात: पडद्यामागे शेकडो-हजारो बारीक दिवे, त्यांचे वेगवेगळे गट, त्यामुळे एका कोपऱ्यात लख्ख उजेड आणि शेजारीच गडद काळोख दाखवता येतो. याला मिनी-एलईडी म्हणतात. डोळा सुखावतो तो या उजेड-काळोखाच्या फरकानं आणि रंगांनी, आणि तेच दिवे ४के टीव्हीतही मिळतात. शिवाय दुकानात लावलेली चित्रफीत मुद्दाम बनवलेली असते. पोपटाची पिसं, ओघळणारा मध, रात्रीचं झगमगतं शहर, सगळं कंपनीनं ८केतच टिपलेलं. टीव्हीही 'स्टोअर मोड'वर, म्हणजे उजेड आणि रंग पुरे चढवून ठेवलेले. आणि आपण उभे असतो तीन-चार फुटांवर.

घरी आल्यावर त्या पडद्यावर काय लागणार? इथे आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, अशी गत आहे. नियमित ८के वाहिनी जपानमध्ये एनएचकेनं १ डिसेंबर २०१८ ला सुरू केली. आपल्याकडे तशी एकही नाही, आणि येण्याची चिन्हंही दिसत नाहीत. नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणी ४के हीच वरची पायरी, तीही सगळ्यांत महागड्या प्लॅनमध्ये. थिएटरात भिंतभर पडद्यावर आपण सिनेमा पाहतो तोसुद्धा २के (म्हणजे फुल एचडीच्या जवळपास) किंवा ४केमध्येच येतो. यूट्यूबवर ८के चित्रफिती आहेत, पण निसर्गाची दृश्यं तुम्ही दोन दिवस पाहाल, मग रोजच्या मालिकेकडे वळाल.

आणि रोजची मालिका ही खरी गोष्ट आहे, म्हणून तिच्याशी थोडं थांबते. केबलवर साधी, एचडी नसलेली वाहिनी लागते तेव्हा चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात, एकूण सव्वाचार लाखांच्या आत. ८के पडदा याच्या बरोबर ८० पट आहे. म्हणजे वाहिनीकडून आलेल्या एका ठिपक्यामागे ७९ ठिपके टीव्हीला अंदाजानं भरावे लागतात. महाग टीव्हीतली चिप हे काम हुशारीनं करते, पण नायिकेच्या साडीचे काठ मुळात पोचलेलेच नसतील तर ती ते आणणार कुठून? एचडी वाहिनी असेल तर हेच प्रमाण एकास सोळा होतं, आणि ४के पडद्यावर एकास चार. एका ठिपक्यामागे तीनच ठिपके अंदाजानं भरायचे असतील तर ते चांगलं जमतं.

आता एक काम आजच करा, याला पैसे लागत नाहीत. केबलच्या बॉक्सच्या मागे बघा. तिथून टीव्हीकडे पिवळी, लाल आणि पांढरी अशा तीन गोल पिनांची वायर गेलीय का? असेल तर तुम्ही इतकी वर्षं फुल एचडी टीव्हीवर साधं चित्र पाहताय. आपल्याकडे हे घरोघरी असतं आणि कुणी सांगत नाही. चपट्या, रुंद टोकाची एक काळी वायर गेली असेल तर ती एचडीएमआय, म्हणजे एचडी चित्र नेऊ शकणारी. तीन पिनांची असेल तर केबलवाल्याला फोन करून एचडी बॉक्स मागवा, आणि तुमच्या मराठी वाहिन्यांच्या एचडी आवृत्त्या पॅकमध्ये घाला. मालिका आणि क्रिकेट यांच्या चित्रात जो फरक या एका बदलानं पडेल तो पावणेतीन लाखांनी पडणार नाही.

मुलाचा मुद्दा राहिला: दहा वर्षं बघायला नको. हा विचार समंजस आहे, पण टीव्हीच्या बाबतीत तो उलटा पडतो, आणि हे एकदा घडून गेलंय. २०१२ च्या अखेरीस पहिले ४के टीव्ही आले. सोनीच्या ८४ इंचीची अमेरिकेतली किंमत होती २५ हजार डॉलर. ज्यांनी ते घेतले त्यांना पुढच्या काळाचा टीव्ही घेतल्यासारखं वाटलं. मग २०१३ च्या सप्टेंबरमध्ये एचडीएमआयची नवी आवृत्ती आली, जिच्यातून ४के चित्र सेकंदाला ६० वेळा जाऊ शकतं. आधीच्या जोडणीतून ते ३०च्या आसपासच जायचं. २०१४ मध्ये नेटफ्लिक्सनं ४के सुरू केलं, पण ते ज्या नव्या पद्धतीनं दाबून पाठवलं जायचं ती उलगडण्याची सोय त्या पहिल्या टीव्हींत नव्हती. त्यानंतर सिनेमांची चोरी रोखण्यासाठी नवं कुलूप आलं, आणि ते नसलेल्या टीव्हीवर ४केची डिस्क किंवा बॉक्स पूर्ण दर्जानं चालेना. पाठोपाठ एचडीआर आलं, म्हणजे उजेडाची आणि रंगांची जास्त मोठी कक्षा, आणि लोकांना खरा फरक जाणवला तो त्यामुळे. पहिल्या खरेदीदारांकडे ठिपके भरपूर होते, पण त्यांच्यापर्यंत चित्र पोचवणारी वाटच बंद. सॅमसंगनं आपल्या काही मॉडेलांना जोडपेटी, म्हणजे वायरी जोडायची वेगळी पेटी, बदलून देण्याची सोय ठेवली होती, इतर अनेकांचं नुकसान झालं.

आपल्याकडे टाटा स्कायनं ४के बॉक्स आणला जानेवारी २०१५ मध्ये, त्या वर्षीच्या क्रिकेट विश्वचषकाच्या तोंडावर. त्याला दहा वर्षं उलटून गेली. आज तुमच्या केबलवर किती वाहिन्या ४के आहेत ते मोजा, मग दहा वर्षांत ८के येईल का, याचं उत्तर तुम्हीच द्याल.

४केच्या वेळी निदान वाट पाहण्यात अर्थ होता, कारण सगळ्या कंपन्या तिकडेच निघाल्या होत्या. ८केच्या बाबतीत माणसं परत फिरताहेत. सॅमसंगनं २०१९ मध्ये भारतात आणलेला ७५ इंची ८के जवळपास अकरा लाखांना होता. २०२३ मध्ये टीसीएल या टीव्ही कंपनीनं ८केतून अंग काढून घेतलं. सोनीनं २०२४ मध्ये आपल्या प्लेस्टेशन ५ या गेम खेळायच्या यंत्राच्या खोक्यावरची ८केची खूण काढली आणि पुढच्या वर्षी ८के टीव्ही बनवणंच थांबवलं. तुमच्या दुकानदाराला हे मॉडेल संपवायचं आहे ते बहुधा यामुळेच. त्याचं काही चुकत नाही, पण त्याच्या गोदामाची अडचण तुमच्या ग्रॅच्युइटीनं का सोडवायची?

आणखी एक गोष्ट, वीजबिलाची. ठिपके जितके लहान आणि दाट, तितकी त्यांच्यामधली जाळी जास्त उजेड अडवते, म्हणून मागचे दिवे जोरात लावावे लागतात. युरोपात मार्च २०२३ पासून विजेचा नियम कडक झाला तेव्हा अडचणीत आले ते प्रामुख्यानं ८के टीव्ही. कंपन्यांनी मग कमी उजेडाचा मोड आधीच चालू करून ते विकायला ठेवले. दिवसाचे पाच-सहा तास टीव्ही चालणाऱ्या घराला हे कळायला हवं.

८के कधी घ्यावा? भिंतभर शंभर इंची पडदा आणि सोफा चार-पाच फुटांवर असेल, किंवा घरात कुणी स्वतः ८केत चित्रीकरण करून त्यावर काम करत असेल, तर. तुमच्याकडे दोन्ही नाही.

तर ४के कसा घ्याल. मिनी-एलईडी मागा, आणि दिव्यांचे किती वेगवेगळे गट आहेत ते विचारा. जितके जास्त तितकं बरं. आकडा सांगता येत नसेल तर दुसरं मॉडेल दाखवा म्हणा. क्रिकेटसाठी पॅनेल, म्हणजे टीव्हीचा पडदा, १२० हर्ट्झचं, सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं असावं, चेंडूमागची शेपटी कमी दिसते. ओलेड टीव्हीचं, ज्यात मागे दिवे नसतात आणि प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, चित्र अंधाऱ्या खोलीत सगळ्यांत देखणं दिसतं, पण तुमच्याकडे बातम्या लागतात. त्यातली खालची पट्टी आणि कोपऱ्यातली खूण तासन् तास जागच्या जागी राहते आणि ओलेडवर त्याचा डाग उमटण्याचा धोका असतो. म्हणून तुमच्यासाठी मिनी-एलईडीच.

आवाजासाठी पैसे वेगळे काढा. आजच्या पातळ टीव्हीत स्पीकरला जागाच नसते, ते खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात. संवाद पुटपुटल्यासारखे येतात, मग आवाज वाढवायचा, की जाहिरात लागली की घर हादरतं. साठीच्या आसपास कानाला हे जास्त जाणवतं. संवादासाठी मधला वेगळा स्पीकर असलेला साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, घ्या. माझ्या मते तुमच्या घरात सगळ्यांत जास्त समाधान तोच देईल.

दुकानात पुन्हा जाल तेव्हा टेप घेऊन जा आणि नऊ फूट मोजून उभे राहा. शक्य असेल तर दोघांसाठी खुर्च्या मागा. दुकानदाराला सांगा, ही चित्रफीत बंद करा, टीव्ही 'होम मोड'वर घ्या आणि केबलवरची आमची मालिका लावा. दोन्ही टीव्हींवर एकच वाहिनी लावून दाखवा म्हणा. मिस्टरांना तिथून पाहू द्या आणि निवड त्यांना करू द्या. किमतीबद्दल एक लक्षात ठेवा: ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. जुन्या मालावर जुनी किंमत छापलेली असू शकते, तेव्हा त्या छापील किमतीवरची सूट ऐकून भुलू नका, हातात पडणारी रक्कम दोन-तीन ठिकाणी ताडून पाहा. पॅनेलची वॉरंटी किती वर्षांची ते बिलावर लिहून घ्या.

जुना टीव्ही बदली देऊन टाकायची घाई करू नका. डाव्या बाजूचा काळपट पट्टा बहुतेक वेळा मागच्या दिव्यांची पट्टी गेल्यामुळे येतो, आणि ती बदलून मिळते. गावातल्या दुरुस्तीवाल्याला दाखवा. काम थोडक्यात होत असेल तर आतल्या खोलीत तो आणखी काही वर्षं चालेल. क्रिकेट आणि मालिका एकाच वेळी लागतात तेव्हा उपयोगच होईल.

राहिला मुलगा. ताई, त्याचं मन मोडणार नाही. बाबांना सगळ्यांत चांगलं मिळावं म्हणून तो निम्मे पैसे घालायला तयार झाला, एवढं प्रेम असलेला मुलगा नऊ फुटांचा हिशेब ऐकून रागावेल असं मला वाटत नाही. त्याला नको म्हणण्याऐवजी काम द्या. साउंडबार त्यानं निवडावा आणि त्यानंच घ्यावा. नेटफ्लिक्ससारख्या ठिकाणचा ४केचा प्लॅन त्यानं भरावा, आणि घरच्या इंटरनेटला निदान १५ एमबीपीएसचा वेग टीव्हीपर्यंत खरोखर पोचतो का ते तपासावं, नाहीतर प्लॅनचे पैसे वाया. सुट्टीला येईल तेव्हा बाबांच्या शेजारी बसून टीव्हीची सेटिंग करावी: मालिकांसाठी हालचाल गुळगुळीत करणारा पर्याय बंद, क्रिकेटसाठी थोडा चालू, चित्र 'मूव्ही' मोडवर. मिस्टरांना रिमोटवरची दोन-चार बटणं नीट समजावून द्यावीत, म्हणजे प्रत्येक वेळी त्याला फोन करावा लागणार नाही.

त्याच्याशी बोलताना तुमच्याकडून सुरुवात करा. सांगा, की मी मोजून पाहिलं, आपला सोफा नऊ फुटांवर आहे, तेवढ्यावरून ८के दिसत नाही. तरीही तो अडून बसला तर हे पत्र त्याला वाचायला द्या आणि दुकानात त्यालाही त्याच नऊ फुटांवर उभं करा.